चमचाभर साखर आणि टोपभर भात

मधुमेह असलेल्या बाईनं खानावळ चालवू नये, असं माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. खानावळ आजही चालू आहे. पण त्यांचं बोलणं अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखं नव्हतं, हे उमगायला मला बराच काळ लागला, आणि त्या काळात मी जे जे उद्योग केले ते इथे सांगणार आहे. मधुमेहावर यशकथा पुष्कळ छापून येतात. फसलेल्या बेतांबद्दल कुणी लिहीत नाही. मला वाटतं, खरी उपयोगाची माहिती त्या फसण्यातच असते.

खानावळ म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आतल्या अंगाला आमची छोटी वाडी आहे. चार नारळ, थोड्या केळी, मागच्या पडवीत चुली. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात. कुणी होडीनं पलीकडच्या बेटावर किल्ला बघायला जातं, कुणी नुसतं सुरूच्या सावलीत पडून राहतं. त्यांतली ओळखीपाळखीची मंडळी आदल्या दिवशी फोन करून ताटं सांगतात. तळलेली सुरमई नाहीतर पापलेट, कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, भात, सोलकढी. हे सगळं मी आणि हाताखाली एक मुलगी, दोघी मिळून करतो.

मला मधुमेह आहे हे कळलं ते आशाताईमुळे, म्हणजे आमच्या गावच्या आरोग्य कार्यकर्तीमुळे. तिशीच्या वरच्या सगळ्यांची माहिती घ्यायची म्हणून ती घरोघरी कागद घेऊन फिरत होती. वय काय, तंबाखू खाता का, चालणं-फिरणं किती, आईवडिलांत कुणाला साखर होती का. माझ्या वडिलांना होती. तिनं कमरेला टेप लावली, बोटाला सुई टोचली आणि म्हणाली, "काकू, रक्त नीट तपासून घ्या." मी विरारला जाऊन तपासलं. एचबीए1सी 8.8 निघालं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांना चिकटत राहते. किती चिकटली त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. 6.5 किंवा त्यापुढे गेलं की मधुमेह.

माझा विश्वासच बसेना. मी पहिल्यापासून किरकोळ अंगाची. साखर होते ती जाड्या माणसांना, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. पुढे भाच्यानं एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन सारखंच, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला बारीक आणि आतून स्निग्ध, अशी आपली भारतीय घडण. हे आधी माहीत असतं तर मी दहा वर्षं आधीच बोट पुढे केलं असतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीप्रमाणे देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, प्रौढांत शेकडा 11 च्या वर. तरी आपला नंबर त्यात लागेल असं कुणालाच वाटत नाही.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन सुरू केलं आणि सांगितलं, "औषध अर्धं काम करील, अर्धं तुम्ही करायचं." माझ्यातली जुनी हुशार विद्यार्थिनी जागी झाली. मी नवी कोरी वही आणली. पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: भात बंद. गोड बंद. रोज पाच किलोमीटर चालणे. रोज योगासने. तीन महिन्यांत उपाशीपोटीची साखर 110. वर 'श्री' पण लिहिलं.

तो काळ महाराष्ट्रात 'दीक्षित की दिवेकर' असा वाद रंगला होता तेव्हाचा. आमच्या घरात दोन्ही पक्ष होते. चुलत दीर डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं दिवसातून दोनदाच जेवायचे, तेही पंचावन्न मिनिटांत आटपून. भाची ऋजुता दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी थोडं थोडं खायची. मी काय केलं, तर दोन्ही केलं. एक आठवडा दोनदा जेवायचं, जमेना म्हणून पुढचा आठवडा दर दोन तासांनी, आणि खानावळीच्या दिवशी जे पडेल ते. दोघांचा यात काडीचाही दोष नाही. दोघांनाही न विचारता दोघांची भेसळ करणारी मी. वहीचं पहिलं पान फेब्रुवारीपर्यंत टिकलं नाही.

पुढच्या खेपेला मी वही घेऊनच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लाल शाई वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "काकू, साखर 110 वर आणणं हे काम नाही. तो निकाल आहे. तुम्ही उद्या सकाळी उठून नेमकं काय करणार, तेवढं एक सांगा. अगदी छोटं." मी म्हटलं, "चहातली साखर सोडते." ते म्हणाले, "ठीक, सुरुवात तरी करा."

ही माझी पहिली छोटी प्रतिज्ञा, आणि ती मी अगदी निष्ठेनं पाळली. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर घोट-घोट चहा होतो. दूधवाला, मासळीवाली, फोन न करता टपकलेली नणंद. सगळ्यांसमोर मी बिनसाखरेचा कप उचलायचे आणि सगळे म्हणायचे, "वा, तुम्ही खरंच मनावर घेतलंत हं." ते ऐकायला फार गोड लागायचं, साखरेपेक्षाही. कौतुकाच्या भरात बरोबर दोन खाऱ्या जायच्या, त्याकडे ना त्यांचं लक्ष ना माझं. पुढच्या तपासणीत आकडा जेमतेम हलला. मी डॉक्टरांवर चिडले, यंत्रावर चिडले, प्रयोगशाळा बदलून पाहिली. आकडा तोच.

मग एका दुपारी भाकऱ्या थापताना मी हिशेब केला. शाळेत गणित बरं होतं माझं. किलोभर तांदळाच्या पिठाची उकड काढली की माझ्या हाताच्या वीस भाकऱ्या होतात. म्हणजे भाकरीला 50 ग्रॅम पीठ. तांदळाच्या पिठात शंभरातले जवळजवळ ऐंशी भाग पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे पोटात गेल्यावर शेवटी साखरच. एका भाकरीत 40 ग्रॅम. चहाचा चमचा 5 ग्रॅमचा धरला तर आठ चमचे. मी चहातला एक चमचा सोडून गावभर मिरवत होते आणि दुपारी दोन भाकऱ्या, वर भात, असा तीस चमच्यांच्या घरातला ऐवज रिचवत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली आणि तव्यातून धूर यायला लागला, तेव्हा मी भानावर आले.

चूक छोटं ध्येय घेण्यात नव्हती. मी ते सोयीचं बघून घेतलं होतं. चार लोकांत दिसेल, फार दुखणार नाही आणि जिथे साखर आहे तिथे हात लागणार नाही, असं. पुढे अशी माणसं मला खूप भेटली. ताटात बटाटा-भात भरपूर आणि लाडू तेवढा कटाक्षानं नाकारणारी. मी त्यांना हसत नाही.

आता भाताचं आलंच म्हणून माझ्या सगळ्यात मोठ्या चुकीकडे येते. ही मला वहीनंच दाखवली, खरं म्हणजे वहीतल्या खोटेपणानं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काय खाल्लं ते लिहीत जा. मी लिहीत होते. शनिवार-रविवारच्या रकान्यात मात्र बहुतेक वेळा असं असायचं: 'दुपारचं जेवण – नाही.' आणि मला वाटायचं, बघा, कामाच्या गडबडीत मी उपाशी राहते, तरी सोमवारी सकाळी साखर चढलेली कशी?

रविवारी साडेतीनच्या पुढे शेवटचं ताट उठलं की आमच्या पडवीत काय असतं ते सांगते. भाताचा मोठा टोप, त्याच्या तळाला खरवड धरलेली, थोडी तांबूस, थोडी करपलेली. कालवणाच्या पातेल्याच्या कडेला घट्ट झालेला मसाला आणि तळाशी दोन-तीन कोलंब्या लपलेल्या. टोपलीत फडक्याखाली उरलेल्या भाकऱ्या, कुणी अर्धी मोडून ठेवलेली. तळणीत सुरमईचा चुरा. आणि मी, सकाळी पाचपासून उभी, पोटात चहाखेरीज काही नाही. मी टोप घासायला घ्यायचे, पण आधी खरवड काढायचे. खरवड काढली की ती कालवणाच्या पातेल्यात टाकायचे, म्हणजे पातेलंही पुसून निघेल. मग ते एका भाकरीनं निपटून घ्यायचे. पातेलं लख्ख. ते लख्ख झालं की तळणीतला चुरा राहिला म्हणून अर्धी भाकरी आणखी. हे सगळं उभ्या उभ्या, चमचा हातात, डोळे नळाकडे. माझी आजी म्हणायची, अन्न टाकू नये, पाप लागतं. मी पाप टाळत होते. पण मी जेवले नव्हते ना, म्हणून वहीत 'जेवण – नाही'.

हे लिहिताना आजही थोडी लाज वाटते. मला वाटतं ही गोष्ट मराठी घरांतल्या पुष्कळ बायकांची आहे. मुलाच्या ताटातला घास, नवऱ्यानं ठेवलेली अर्धी पोळी, कालचं टाकवत नाही म्हणून आज आपल्या पानात. डॉक्टर विचारतात, किती पोळ्या खाता? बाई प्रामाणिकपणे सांगते, दोन. ती खोटं बोलत नाही. ताटातल्या दोनच तिच्या असतात. बाकीच्या इतरांच्या उरलेल्या.

हे उमगल्यावर मी लगेच नवं ध्येय लिहिलं: 'उरलेलं खायचं नाही.' छोटं, स्पष्ट, नेमकं. आणि तेही आपटलं. कारण साडेतीनला पोटात आग आणि समोर खरवड, अशा वेळी 'नाही' हा शब्द फार दुबळा असतो. 'नाही' म्हणून हातानं करायचं काय, ते त्या वाक्यात नव्हतं. काही रविवार जमलं, मग एक रविवार असा आला की मी वही बघितलीच नाही.

अखेर युक्ती सुचली ती हाताखालच्या मुलीमुळे. ती बारा वाजले की सरळ सांगते, "मावशी, मी आधी जेवून घेते, मग हात चालतो." पाहुण्यांच्या आधी आपण जेवायचं हे माझ्या संस्कारात बसत नव्हतं. पण मी ठरवलं, पहिली सुरमई तव्यावर टाकायच्या आधी माझं ताट वाढायचं. ताटात आधी काकडी-कांदा, पालेभाजी, एक तुकडी मासळी, अर्धी भाकरी. मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसून खायचं. आणि खरवड-चुरा यासाठी टोपाशेजारी बादली, ती शेजारच्या कोंबड्यांना. आजीचं पापही लागत नाही. हे टिकलं. अजून टिकून आहे. त्यात माझ्या मनोनिग्रहाचा काही वाटा नाही. पोट भरलेलं असलं की करपलेला भात करपलेलाच दिसतो.

भाचा म्हणतो, याला शास्त्रात आधार आहे. पीटर गोलवित्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1999 साली मांडलं की नुसता निश्चय पुरत नाही. 'अमुक वेळ आली की मी तमुक करीन' असं आधीच बांधून ठेवलं तर काम होण्याची शक्यता बरीच वाढते. मला त्यातलं एवढंच कळलं की माझ्या 'उरलेलं खायचं नाही'मध्ये ना वेळ होती ना काम, आणि 'सुरमई तव्यावर टाकायच्या आधी'मध्ये दोन्ही होतं.

मधेच एक लबाडी सांगून टाकते. तपासणीची तारीख जवळ आली की मी चार-पाच दिवस अगदी साध्वी व्हायचे. मुगाचं कढण, भाजी, भाकरीला रजा. उपाशीपोटीची साखर झकास यायची. मी तो कागद डॉक्टरांसमोर ठेवायचे आणि ते शांतपणे दुसरा कागद काढायचे, एचबीए1सीचा. तीन महिन्यांची सरासरी चार दिवसांच्या पुण्याईनं हलत नाही. ते काही बोलायचे नाहीत, नुसते दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवायचे. शाळेत कॉपी पकडल्यावर बाई अशाच गप्प बसायच्या.

चालण्याचं प्रकरण जरा वेगळं. तिथे मी बरोबर सुरुवात करून बिघडवलं. जेवणानंतर वाडीतच नारळांखालून पंधरा मिनिटं फेऱ्या मारायच्या, असं ठरवलं. आपल्याकडे शतपावली जुनीच. अमेरिकेत 2013 साली झालेल्या एका छोट्या अभ्यासातही, साखर वाढू लागलेल्या वयस्कर माणसांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालवून पाहिलं, तर त्यांची दिवसभराची साखर एकदम पाऊण तास चालण्याइतकीच सुधारली. माणसं फक्त 10 होती, तेव्हा फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण माझ्या घरच्या ग्लुकोमीटरनं त्याला दुजोरा दिला. ज्या रात्री फेऱ्या मारल्या त्या रात्रीचा आकडा आणि आळस केला त्या रात्रीचा आकडा, फरक नुसत्या डोळ्यांना दिसायचा.

एवढ्यावर थांबायचं ना! पण मला यश पचत नाही. पंधरा मिनिटं जमतात म्हटल्यावर मी अर्धा तास केला. अर्धा तास जमतोय म्हटल्यावर मुलानं मनगटावर बांधायचं ते घड्याळ आणून दिलं, त्यात 10,000 पावलांचं लक्ष्य आधीच भरलेलं. हा दहा हजारांचा आकडा कुणा वैद्यानं काढलेला नाही, हे मला नंतर कळलं. 1965 साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून तो आकडा जगभर पसरला. मी मात्र तो वेदवाक्य मानला. पहाटे किनाऱ्यावर, संध्याकाळी आगाशीच्या रस्त्यानं, रात्री घड्याळात कमी पडलेली पावलं पुरी करायला पडवीत येरझाऱ्या. आमचे हे म्हणायचे, "अगं, पहारेकरी ठेवलाय का घराला?" जूनमध्ये पाऊस लागला, किनारा बंद, रस्त्यावर पाणी, आणि दहा हजार होत नाहीत म्हटल्यावर मी शून्यावर आले. पंधरा मिनिटांच्या फेऱ्या पडवीत सहज होण्यासारख्या होत्या. पण आता त्या मला क्षुल्लक वाटायला लागल्या होत्या. पावसाचे चार महिने मी काहीच चालले नाही, कारण पुरेसं चालता येत नव्हतं.

त्यात आणखी एक समजूत डोक्यात होती, की 21 दिवस एखादी गोष्ट केली की सवय लागते, मग आपोआप होते. हे खूळ 1960 च्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 2010 साली हे खरंच मोजून पाहिलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 निघतील असा अंदाज आला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, असंही त्यातच दिसलं. मी मात्र एक दिवस चुकला की व्रत मोडल्यासारखी हाय खायचे आणि सगळंच सोडून द्यायचे.

आणि पहाटेचं ते किनाऱ्यावरचं चालणं मी अनवाणी करायचे. वाळूत अनवाणी चाललं की साखर उतरते, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. अर्नाळ्याची वाळू दिसायला मऊ. पण बोंबील वाळत घालायच्या वलांड्यांच्या आसपास तारा, खिळे, फुटके शिंपले, जाळ्यांचे तुकडे काय वाट्टेल ते असतं. एका सकाळी घरी आले तर पडवीच्या लादीवर रक्ताचे ठसे. मला वाटलं मुलीचा पाय कापला. तिनंच माझ्याकडे बोट दाखवलं. अंगठ्याखाली चांगला खोल चिरा, आणि मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. त्यावरही मी हळद दाबून कामाला लागले, आणि नवरात्र होतं म्हणून ठरल्याप्रमाणे अनवाणीच बेटावरच्या कालिकामातेच्या दर्शनाला गेले. होडीत चढायला-उतरायला पाण्यात पाय घालावा लागतो. त्या पायानं मी खारं पाणी, रेती, सगळं तुडवलं. जखम भरायला फार दिवस लागले, अँटिबायोटिक लागली, खानावळ बंद ठेवावी लागली.

डॉक्टरांनी तेव्हा मला डोळे मिटायला लावून तळव्यावर जागोजागी एका नायलॉनच्या तंतूनं स्पर्श केला. तंतू म्हणजे आमच्या कोळ्यांकडचा तंगूस असतो तसाच, फक्त 10 ग्रॅम दाबाला वाकेल असा. लागला की 'हो' म्हणायचं. काही ठिकाणी मी 'हो' म्हटलंच नाही, कारण मला वाटलं अजून त्यांनी सुरुवातच केली नाही. मधुमेहानं पायाच्या नसा अशा गुपचूप बधिर होतात. आता घरातही चपला, किनाऱ्यावर बंद बूट, आणि रात्री झोपताना आरसा धरून तळवे बघायचे. ते ध्येय मात्र मी वाढवलेलं नाही.

शेवटची गोष्ट हरतालिकेची. तोवर डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड सुरू केलं होतं. आणि 'गोळी कधीही चुकवायची नाही' हे माझं सगळ्यात यशस्वी ध्येय होतं. गोळीची डबी देवघराशेजारी, दिवा लावला की गोळी. हरतालिकेला मी दरवर्षीसारखा निर्जळी उपास धरला. सकाळी दिवा लावला, सवयीनं दोन घोट पाण्याबरोबर गोळी घेतली. उपास असा मोडला हे सुद्धा माझ्या लक्षात आलं नाही, इतका हात सरावलेला. दुसऱ्या दिवशी गणपती, म्हणून दुपारी मोदकांचं सारण परतत होते. एकदम हात थरथरायला लागले, घाम फुटला, आणि मी ह्यांना काहीतरी असंबद्ध बोलले. त्यांनी बोट टोचून पाहिलं, 56. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. ते बरोबरच केलं. नंतर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं असतं. पण मी इतकी घाबरले होते की कढईतलं सारण चमच्यानं खात सुटले. नैवेद्याचं सारण, ओला नारळ आणि गूळ, पाव कढई. संध्याकाळी साखर 300 च्या पुढे. गणपतीसाठी रात्री पुन्हा नारळ खवले.

नुसत्या मेटफॉर्मिननं साखर अशी सहसा कोसळत नाही. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. माझं ध्येय छोटं होतं, रोजच्या कामाला जोडलेलं होतं, वर्षभर टिकलेलंही होतं. पण त्यात जेवणाचा विचारच नव्हता. आता त्यात एक ओळ जोडली आहे: गोळी घेण्याआधी न्याहारी समोर पाहिजे, नसेल तर डॉक्टरांना फोन.

सध्या माझी वही बंद आहे. आधी ताट, जेवणानंतर पंधरा मिनिटं, रात्री तळवे आणि न्याहारीबरोबर गोळी, एवढंच करते. भाकरी अर्धी आणि भात सणासुदीला. लग्नसराईत आगाशीचं भुजिंग कुणी आणलं तर त्यातलं कोंबडीचं खाते आणि पोहे बाजूला सारते. कधीकधी नाही सारत. मागच्या तपासणीत एचबीए1सी 7.3 आलं. डॉक्टरांना 7 च्या आत हवं आहे.

हरतालिका, नवरात्र, संकष्टी, वटपौर्णिमा धरणाऱ्या आणि साखरेची गोळी घेणाऱ्या बायांना माझं एवढंच सांगणं आहे. आपल्या गोळीचं नाव बघा आणि उपासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, की त्या दिवशी ती घ्यायची का, किती घ्यायची. गोळी मनानं सोडू नका आणि सवयीनं गिळूही नका. आणि त्याच खेपेला पायातल्या चपला काढून तळवे दाखवून या.